दार न उघडणाऱ्या बाईची सून

आमच्या घरात फ्रिज बंद ठेवून दोनदा दूध नासवलं ते माझ्या सुनेनं, आणि दोन्ही वेळा मी तिला एक शब्द बोलले नाही. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांचा यावर विश्वास बसणार नाही. पण खरंच नाही बोलले. का नाही बोलले, तेच सांगते.

मी सगळी नोकरी बसच्या तिकीट खिडकीत काढली. काचेला एवढंसं भोक, त्यातून दिवसभर लोकांशी बोलायचं. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मुलगा म्हणतो, "आई, तू जेवायला या म्हणालीस तरी पुढच्या खिडकीवर जा म्हटल्यासारखं वाटतं." वाटू दे. रांग लांबली की गोड बोलून भागत नाही.

सून माझ्या अगदी उलट. हळू बोलते, हसून बोलते, आणि शेवटी स्वतःचंच खरं करते. लग्न होऊन आली तेव्हा ती एका संस्थेत कार्यकर्ती होती. वस्त्यांमधून घरोघर फिरायचं, कुणाच्या मुलाचं वजन भरत नाही, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुठल्या गल्लीत बायकांचा बचतगट मोडायला आलाय, ते बघायचं आणि संस्थेपर्यंत पोचवायचं. चपला झिजायच्या, पगार बेताचा. पण बाई खूश!

या लोकांना वरचेवर प्रशिक्षण असायचं. शहरातल्या हॉलमध्ये, चार दिवस मुक्कामी. आता मला सांगा, जिचं मूल अंगावर पितंय ती बाई चार दिवस कुठं जाणार? आमची गेली, बाळाला घेऊन गेली. व्याख्यान रंगात आलं आणि बाळानं सूर लावला. स्टेजवरचे गृहस्थ म्हणाले, "मूल जरा बाहेर न्या." बाकीचं सगळं प्रशिक्षण तिनं व्हरांड्यात उभं राहून, दाराला कान लावून ऐकलं. घरी आली ती रडत नव्हती, संतापलेली होती. मला म्हणाली, "आई, जिला गरज आहे तिच्या घरी प्रशिक्षण गेलं पाहिजे." मी म्हटलं, "हो, आणि सोबत भाजी निवडायलाही कुणीतरी पाठवा म्हणावं."

मी थट्टेवारी नेलं, पण तिनं ते मनातून काढलं नाही. पुढं ती संस्थेच्या कचेरीत आली, आणि मग संधी मिळेल तेव्हा एकच टुमणं: मोबाइलवर कोर्स काढू या. शेवटी संचालिका मॅडम वैतागून म्हणाल्या, "मग तूच काढ." झालं! कार्यकर्त्यांसाठी ऑनलाइन कोर्स तयार करून घ्यायचं काम बाईसाहेबांच्या गळ्यात पडलं, आणि पर्यायानं आमच्या घराच्या.

मला वाटलं होतं, एक माणूस बोलणार, दुसरा शूटिंग करणार, संपला कोर्स. कसलं काय! मजकूर लिहायला एक प्राध्यापक होते. विद्वान माणूस, पण त्यांना पाणी मागितलं तर आधी विहिरीचा इतिहास सांगतील. ‘लोकांच्या घरी गेल्यावर बोलायचं कसं’ हा पहिला धडा. सरांनी एवढा जाडजूड गठ्ठा पाठवला. सूनबाई रात्रंदिवस त्याला कात्री लावत बसली. सहा मिनिटांत बसेल इतकाच ठेवला. सर रुसले. त्यांची समजूत घालून होते न होते तोच संगणकवाला रुसला, कारण धडे बदलले की त्याची सगळी मांडणी बदलायची. एकाला समजवायचं, दुसऱ्याला दमात घ्यायचं, तिसऱ्याच्या मागे लागायचं, आणि चिडायचं मात्र कुणावरच नाही. मी असते तर खिडकी लावून घरी गेले असते.

आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्या आतल्या खोलीत व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दारं उघडी टाकायची, खिडकीवर रजया टांगायच्या, पंखा बंद, फ्रिज बंद. उन्हाळ्यात त्या खोलीतून बाहेर आली की जणू नदीतून निघालीय. रेकॉर्डिंग संपलं की फ्रिज चालू करायचं हिच्या ध्यानातच राहायचं नाही. दूध कसं नासलं ते कळलं ना आता? आणि अशी घामानं भिजलेली पोर समोर उभी असताना दुधावरून काय बोलायचं?

एकदा मला म्हणाली, "आई, एक काम आहे. चौथ्या धड्यात एक बाई दार उघडत नाही. कार्यकर्तीला आतूनच फटकारते. तिचा आवाज हवाय."

"मग?"

"मग काय, कटकट्या बाईचा आवाज म्हटल्यावर सगळ्यात आधी तुम्हीच आठवलात."

मुलगा पाणी पीत होता, त्याला ठसकाच लागला. मी म्हटलं, थांब, दाखवते. खोलीत गेले आणि एका दमात म्हटलं, "कोण आहे? नाव लिहून न्यायला आलात? मागच्या वेळीही लिहून नेलंत, काय झालं त्याचं? जा, मला कामं आहेत!" सूनबाईनं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "एकदम पक्कं." दुसऱ्यांदा म्हणायलाही लावलं नाही. मला आपला मान वाटला, खोटं कशाला बोलू.

कोर्स तयार झाला. सगळीकडे लावण्याआधी संस्थेच्या थोड्या केंद्रांवर करून बघायचं ठरलं. आणि त्याच सुमाराला संस्थेनं नियम काढला, की यापुढे जी कार्यकर्ती कोर्सच्या शेवटची चाचणी पास होईल तिचाच करार पुढं चालू राहील. सूनबाईला ते फारसं पटलं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, त्याशिवाय कुणी मनावर घेणार नाही, आणि हिनं मान डोलावली.

निकाल आले. सगळं छान. फक्त शहराच्या टोकाला पुलापलीकडच्या वस्तीत एक केंद्र होतं, तिथल्या आठजणींचे पेपर बघून संगणकवाल्यानं फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी शेंगा सोलत तिथंच बसले होते. "ताई, आठहीजणींनी एकाच मोबाइलवरून चाचणी दिलीय. ओळीनं, एकीमागून एक. सगळ्यांची उत्तरं सारखी. चुकलेलं उत्तरसुद्धा सारखंच! ही सरळसरळ कॉपी आहे."

त्यानं ते वरही कळवलं होतं. संध्याकाळपर्यंत मॅडमचा निरोप आला: त्या आठहीजणींचा करार बंद करायचा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल. सूनबाईनं उलट कळवलं, "मला आधी तिथं जाऊन येऊ द्या." आणि मी म्हटलं, मी पण येते. आठजणी मिळून फसवतात म्हणजे काय? मला त्यांची तोंडं बघायची होती. तिकीट खिडकीत बसून मी इतकी लबाड माणसं पाहिलीत, की माणूस तोंड उघडायच्या आधी मला कळतं.

केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एकच खोली. भिंतीला वजनकाटा टांगलेला, कोपऱ्यात सतरंज्यांची गुंडाळी, मधे उपडी बादली. बादलीवर स्टीलचं पातेलं आणि पातेल्यात मोबाइल. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो म्हणे. आठहीजणी आधीच येऊन बसल्या होत्या, चेहरे पडलेले. मी दारातून आत शिरता शिरता म्हटलं, "जागा द्या जरा, गुडघे धरलेत माझे." तर एकजण ओरडलीच, "अगं बाई! ही तर दार न उघडणारी!"

सगळ्या फिस्सकन हसल्या. एकीनं माझी नक्कलही करून दाखवली. बऱ्यापैकी जमली होती. मी रागावल्यासारखं केलं, पण आतून गुदगुल्या झाल्या.

हसणं ओसरल्यावर सूनबाईनं विचारलं, "सगळ्यांची उत्तरं सारखी कशी?"

त्यांच्यातली एक काटकुळी, फटकळ होती. मला ती पाहताक्षणी आवडली. ती म्हणाली, "ताई, दुसऱ्या धड्यात तुम्हीच सांगितलंय. निर्णय एकटीनं घ्यायचा नाही, सगळ्यांनी बसून घ्यायचा. आम्ही प्रत्येक प्रश्नावर बसून भांडलो. शेवटी ठरलं ते सगळ्यांनी लिहिलं. दार न उघडणाऱ्या बाईच्या प्रश्नावर तर दोन तास भांडलो, आणि तेवढंच चुकलं!"

सूनबाईचंच वाक्य तिच्या पदरात घातलं होतं. मला वाटलं, संपला प्रश्न, चला घरी. पण सूनबाईनं मोबाइल पातेल्यातून काढला, चाचणीचं पान उघडलं आणि जवळ बसलेल्या सगळ्यात वयस्क बाईच्या हातात दिला. तिला सगळ्या आक्का म्हणत होत्या. पिकलेले केस, हाताला घट्टे, पाठ एकदम ताठ. "आक्का, हा प्रश्न वाचा बघू. कसं भांडलात ते मला ऐकू द्या."

आक्कांनी मोबाइल हातात धरला. म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला." लगेच दोन्ही बाजूंनी दोन हात पुढं आले. "आण, मी वाचते." "अगं, मी वाचते."

तेव्हा मला कळलं. माझ्या खिडकीवर चष्मा विसरलेली माणसं रोज यायची. ‘बाई, चष्मा राहिला घरी, गाडी किती नंबरची ते वाचून सांगा.’ दुसऱ्या दिवशी परत चष्मा घरीच. ज्यांच्याकडे चष्मा नसतोच मुळी, ती माणसं. मी सूनबाईकडे पाहिलं, तिला कळलं नव्हतं. आणि चारचौघींत पहिल्यांदाच मी तोंड मिटून बसले.

आक्कांनीच मोबाइल खाली ठेवला. "घरी नाही राहिला चष्मा," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, ताई. सहीपुरतं येतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आक्का संस्थेत लागल्या तेव्हा शिक्षण कुणी विचारत नव्हतं. पुढं विचारू लागले, तेव्हा त्यांनी सांगायचं टाळलं. घरोघरचं सगळं त्यांच्या डोक्यात. त्या सांगायच्या, दुसरी कुणीतरी लिहायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कचेरीत कुणाला पत्ता नाही. आता ही चाचणी आली. एकेकटीनं दिली असती तर सातजणी सहज पास झाल्या असत्या आणि आक्का घरी बसल्या असत्या. म्हणून सातहीजणींनी ठरवलं, एकाच मोबाइलवर द्यायची, मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी एकच लिहायचं.

"पकडल्या गेलात तर तुमचेही करार जातील, हे माहीत नव्हतं?" सूनबाईनं विचारलं.

"माहीत होतं की," काटकुळी म्हणाली.

आम्ही रिक्षानं परत आलो. घराचा जिना चढताना सूनबाई मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, मला व्हरांड्यात काढलं म्हणून मी हा कोर्स केला. आणि मीच आक्कांना व्हरांड्यात उभं केलं."

मी म्हटलं, "मग आत घे. इथं जिन्यात रडून काय होणार?" असं बोलायला नको होतं, पण मला दुसरं येत नाही. ती मात्र खरंच डोळे पुसून वर गेली.

आधी तिनं आक्कांना फोन केला. "कचेरीत खरं सांगावं लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार." मला पलीकडचं ऐकू आलं. आक्का म्हणाल्या, "सांगा. लपवून लपवून मला कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली, तीही आमच्या आतल्या खोलीतून, संगणकावर. मी दाराबाहेर फडकं घेऊन तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत होते. सूनबाईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडमचा आवाज चढला. "म्हणजे त्यांनी नियम मोडला तो मोडलाच, शिवाय वाचता न येणारी कार्यकर्ती! आणि तू त्यांची बाजू घेतेयस?"

"बाजू नाही घेत. चूक कुणाची ते सांगतेय," सूनबाई म्हणाली. आवाज हळूच होता, पण एकही शब्द अडखळला नाही. "मॅडम, आपल्याला बघायचं होतं, या बायकांना लोकांशी बोलता येतं का. आणि मी चाचणी घेतली वाचता येतं का याची. ही चूक माझी आहे. प्रश्न ऐकू येतील आणि उत्तर बोलून देता येईल, अशी चाचणी करायला हवी होती. ती मी करणार. त्याला वेळ लागेल, कोर्स सुरू करायची तारीख पुढं जाईल."

"तारीख सगळ्यांना कळवून झालीय."

"मग मी सगळ्यांना माफीचं कळवते. पण त्या आठजणींना काढून तो कोर्स सुरू होणार असेल, तर त्यावर माझं नाव नको. तो कोर्स मी केलेला नाही."

बाई गं! माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. जिला घरात कुणी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही, ती एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईला हे सांगत होती. माझी छाती अशी फुगली, की आत जाऊन संगणकासमोर उभं राहावं आणि सांगावं, ही माझी सून आहे, नीट बघून घ्या. गुडघ्यांनी साथ दिली नाही म्हणून वाचल्या त्या.

मीटिंगला प्राध्यापकही होते. त्यांचा घसा साफ करण्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आली आता विहीर! पण ते म्हणाले, "मी घेतो ना तोंडी चाचणी. आठहीजणींची, फोनवर. एकेकीला वेगळ्या खोलीत बसवा, दार लावून. मी दार न उघडणारी बाई होऊन बोलतो, त्यांनी मला उत्तर द्यावं. सवलत मात्र कुणालाही मिळणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "ठीक. जी नापास होईल तिचा करार बंद. आणि सर गुण देतील ते शेवटचे, तू मधे पडायचं नाहीस."

सूनबाई म्हणाली, "मान्य."

चाचणीच्या दिवशी ती घरीच बसली. केंद्रावर जायची मनाई, फोन करायची मनाई. तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले, परत लावले, आणि उलटेपालटे लावले. अजून मला डाळ सापडत नाही. मी तिला म्हटलं, "इतकं काय? आक्का बोलण्यात तुझ्यापेक्षा कमी नाहीत."

"आई, त्या आयुष्यात कधी परीक्षेला बसलेल्या नाहीत," ती म्हणाली. "दार लावलं की घाबरतील. शेजारी कुणी नसेल."

मी उठले आणि चहा टाकला.

दुपारी सरांचा फोन आला. सूनबाईनं स्पीकर लावला. "असं आहे," सर म्हणाले, "की तोंडी परीक्षेची परंपरा पाहिली तर..."

मी तिच्या हातातून फोन ओढला. "अहो सर, पास की नापास?"

सर दचकले असावेत. "आपण कोण?"

"दार न उघडणारी बाई! सांगा पटकन!"

"सातजणी उत्तम पास. आक्का..." कागद चाळल्याचा आवाज आला. माझा जीव टांगणीला. "आक्का सुरुवातीला काही बोलल्याच नाहीत. पहिले दोन प्रश्न गेले. मग म्हणाल्या, ‘सर, जरा खरंच चिडून बोला, तुम्ही दार न उघडणारी बाई वाटतच नाही.’ मी चिडून बोललो. तिथून पुढं त्यांनी मला बोलतं केलं. मी त्यांना माझ्या घरातल्या अडचणी सांगायला लागलो होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. पण पहिल्या दोन प्रश्नांचे गुण मी देऊ शकत नाही. त्यामुळे काठावर. पास."

सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला असलं काही जमत नाही, पण ठेवला. म्हटलं, "अगं, मला तुझा फार अभिमान वाटतो." पहिल्यांदाच म्हटलं. ती बघतच राहिली. मग मी लगेच म्हटलं, "डबे मात्र उद्या नीट लाव."

कोर्स उशिरानं सुरू झाला. आता प्रश्न ऐकू येतात, उत्तर बोलून देता येतं. पहिल्या पानावर आधी ‘शांत जागी एकट्यानं बसा’ असं होतं, ते काढून सूनबाईनं ‘जमलं तर चारचौघी मिळून ऐका, चाचणी मात्र आपापली द्या’ असं घातलं. उशीर झाला म्हणून मॅडम बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. बोलू देत. लांबलांबच्या केंद्रांवरून आता बायकांचे फोन येतात, आणि मी कुणालाही न विचारता ते उचलते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, आम्ही दोघी तशाच बसलेल्या असताना, पुन्हा फोन वाजला. आक्का होत्या.

सूनबाई म्हणाली, "आक्का, अभिनंदन! पास झालात!"

"ते कळलं," आक्का म्हणाल्या. "ताई, दार लावलेलं होतं. आत मी एकटीच होते."

"हो आक्का."

"एकीनंही काही सांगितलं नाही मला. माझी मी दिली."

सूनबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"खरंच, ताई," आक्का म्हणाल्या. "सरांना विचारा हवं तर."